तिकोनीचे दोन हिस्से

आमच्या वावराला सरकारी कागदावर गट नंबर आहे, पण गावात त्याला तिकोनीच म्हणतात. एका अंगानं नाला येतो, दुसऱ्या अंगानं गाडरस्ता, आणि वर टोकाला दोघं भेटतात. खाली सरळ धुरा, म्हणजे बांध, आहे. नाल्याकडची जमीन मुरमाड, रस्त्याकडची काळीभोर. दोन एकराच्या आसपास भरते. चांगलं वावर आहे. वाईट जे झालं ते वावरानं केलं नाही.

बाप वारला तेव्हा मागं आम्ही दोघंच होतो, मी आणि माझी धाकटी बहीण. ती पांढरकवड्याकडे दिलेली. सातबाऱ्यावर दोघांची नावं चढली. यानंतर आमच्याकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊ बहिणीला तालुक्याला नेतो, हक्कसोडीच्या कागदावर तिची सही घेतो, म्हणजे तिचा हिस्सा तिनं आपखुशीनं सोडला. ती मुकाट्यानं सही देते, काहून की नाही दिली तर माहेरचं दार बंद. कायदा कितीही बदलला तरी ते दार कोणाच्या हातात आहे हे बाईला माहीत असतं.

मी पानठेल्यावर चारचौघांत सांगून टाकलं, "मी सही घेणार नाई. अर्धं तिचं आहे, अर्धं तिले देणार."

सगळे हसले. एक जण म्हणाला, "काका, बोलाले काय जाते? मोजून देसान तवा पाहू."

"मोजूनच देईन," मी म्हणालो. "एक झाड इकडचं तिकडं होणार नाई."

मी बोललेलं वाक्य खाली पडू देत नाही. घरात, नात्यात, गावात कोणालाही विचारा.

बहिणीला निरोप धाडला. ती आली, ओसरीवर बसली. तिच्या सासरी जमीन होती, पण तिच्या नावावर चुलीपुढची जागासुद्धा नव्हती. म्हणाली, "दादा, मले माह्या नावाचा एक तास भेटला तरी पुरे. माह्या हातानं तूर लावीन त्याच्यात. कोणाले न विचारता."

तास म्हणजे पेरणीची एक ओळ. मी म्हटलं, "एक काहून? अर्धे घे."

तिचे डोळे भरून आले. पुढे तिनं जे जे म्हटलं त्याच्याशी ते जुळत नाही, पण मी पाहिलं आहे.

आता अर्धं करायचं कसं? कोणीही म्हणेल, टोकापासून खालच्या धुऱ्याच्या मधोमध दोरी टाका, झाले दोन सारखे तुकडे. गावातल्या शहाण्यांनी हेच सांगितलं. पण मग एकाला सारा मुरूम आणि दुसऱ्याला सारी काळी. काळी मी घेतली तर मी चोर. तिला दिली तर माझी पोरं मला घरात राहू देणार नाहीत. म्हणून आडवं कापणं हाच न्याय होता. वरचा शेंडा एकाचा, खालचं बूड दुसऱ्याचं. प्रत्येक तासात थोडा मुरूम, थोडी काळी, आणि गाडरस्ता दोघांनाही लागून.

शिवाय आमच्या बापाची एक रीत होती. धुरा नेहमी दोन तासांच्या मधल्या मोकळ्या जागेतून जायला पाहिजे. तासावरूनच धुरा नेला तर त्या तासातली झाडं ना इकडची ना तिकडची, आणि त्यांच्यापायी दोन पिढ्या भांडतात. आमच्या गावात अशा एका तासावरून सख्खे चुलत भाऊ एकमेकांच्या मातीला जात नाहीत. तास तोडायचा नाही, हे बापानं मला तोंडानं कधी सांगितलं नाही. तो तसा वागला.

त्या वावरात आम्ही पऱ्हाटी, म्हणजे कापूस, चौफुलीवर लावतो. दोरी ताणून उभ्या-आडव्या रेघा पाडायच्या, जिथं फुली पडते तिथं सरकी टोबायची. म्हणजे तण काढायचा डवरा उभाही चालतो, आडवाही. आमची तिकोनी अशी पसरट आहे की टोकाच्या पहिल्या तासात एक झाड बसतं, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच. दर तासाला दोन्ही अंगांनी एकेक वाढतं. काठावर वाकडंतिकडं राहतं ते आम्ही सोडून देतो, आणि जिथं सरकी उगवली नाही तिथं नांग्या भरून घेतो. एकही फुली रिकामी नसते.

मी चौथी शिकलो, पण पाढे तोंडपाठ होते. अंगणात सरकी मांडून बसलो. एक. एक आणि तीन, चार. त्यात पाच टाकले, नऊ. त्यात सात, सोळा. मला हसू आलं. जितके तास असतील त्या आकड्याला त्यानंच गुणा, तितकी झाडं. दहा तास, शंभर झाडं. कोणा मास्तरनं मला हे सांगितलं नव्हतं. असेल कोण्या पुस्तकात.

मग गुरांच्या कोठ्याच्या दारावर खडूनं मांडायला लागलो. दोन तासांचं वावर असेल आणि वरचा एक मी घेतला, तर खाली बहिणीला तीन झाडं उरतात. तीन तासांचं असेल तर मी एक घेतला की तिला आठ, दोन घेतले की पाच. चार तासांचं असेल तर पंधरा, बारा, सात. पाचाचं असेल तर चोवीस, एकवीस, सोळा, नऊ. ओळीखाली ओळ लिहीत गेलो तर दारावर आकड्यांचीही तिकोनीच उभी राहिली. अवघड काहीच नव्हतं. साऱ्या वावराची झाडं, त्यातून माझी वजा. त्या आकड्यांत मला एकच जागा पाहिजे होती, जिथं माझी आणि तिची झाडं सारखी येतील.

बायको दुधाची बादली घेऊन जाता जाता थांबली. "सरकी टोबून राह्यले का गणित टोबून राह्यले?"

"तुले नाई समजत."

"मले एवढं समजते का ननंदबाईले वावर पाहिजे. दार नाई."

सातच्या ओळीत वाटलं, सापडलं. पाच तास मी घेतले तर माझी पंचवीस झाडं, तिची चोवीस. एकाचा फरक. सतराच्या ओळीत बारा तास घेतले तर माझी एकशे चव्वेचाळीस, तिची एकशे पंचेचाळीस. पुन्हा एकच, पण उलट्या अंगानं. एक्केचाळीसच्या ओळीत परत तसंच, पारडं पुन्हा माझ्याकडे. पुढं मी सगळे आकडे लिहिणं सोडलं, अर्ध्याच्या आसपासचेच लिहिले. बापाच्या दोरीनं तिकोनीत नव्याण्णव तास बसतात. त्यात वरचे सत्तर मी घेतले तर माझी चार हजार नऊशे झाडं. खालच्या एकोणतीस तासांत चार हजार नऊशे एक.

बहिणीला फोन केला. "बाई, एका झाडाचा घोळ आहे."

"कोणाकडे जास्त होते?"

"तुह्याकडे."

ती हसली. "मंग राहू दे की. नाईतर शेंडा मले दे, बूड तू घे. एका झाडानं कोण मरते?"

"तू शेंडा घेतला तर म्या बहिणीचं एक झाड खाल्लं. तू बूड घेतलं तर म्या तुले एक झाड दान केलं. मले दान नाई द्याचं. हिस्सा द्याचा आहे."

"लहानपणी चिंचा वाटतानी बी तू असाच रडवे मले," ती म्हणाली. पण हसत म्हणाली. तेव्हा अजून हसत होती.

लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, एका झाडापायी? मी विचारतो, मग कितीपासून सुरू करू? दहापासून? शंभरापासून? ज्यांनी बहिणींची अख्खी वावरं गिळली ते मला एका झाडाचा हिशेब शिकवतात. पानठेल्यावर तर वेगळंच चालू झालं होतं. म्हणे बहिणीला एक झाड जास्त जाते म्हणून म्हातारं अडून बसलं.

मी म्हटलं, दोरी बदलू. दोरीवरच्या खुणा जवळ घेतल्या की तास जास्त बसतील, आणि कोणत्या तरी आकड्याला बरोबर अर्धं पडेलच. असा मोठा घाट घालून त्या हंगामात लावणी केली. एकशे बारा तास बसले. पऱ्हाटी दाटली, डवरा नीट फिरेना, खालची बोंडं सडली. आणि जवळातला जवळ फरक निघाला बासष्ट झाडांचा. तेव्हा अक्कल आली, की आधी दारावर आकडा सापडला पाहिजे, मग दोरीला खूण. पुढच्या साली बापाचीच दोरी काढली आणि दारावर शोध चालू ठेवला.

ह्या सगळ्या काळात पिकाचा निम्मा वाटा दर साली बहिणीच्या घरी पोचता केला. त्यात कोणी बोट दाखवून द्यावं. पण ती म्हणायची, "मले पीक नाई पाहिजे दादा, माती पाहिजे." मी म्हणायचो, थांब.

आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही करतात. पऱ्हाटीच्या झाडाखाली पाच गोटे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा, मगच कापसाला हात. त्यासाठी बहीण दर साली येत असे. एका साली तिनं नाल्यातून स्वतः गोटे वेचून आणले, पदरात घेऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "दादा, माह्याकडचं झाड कोणतं? त्याच्याखाली मांडीन म्हटलं यंदा."

"अजून धुरा कुठं पडला बाई?"

"अंदाजानं सांग."

"अंदाजानं हिस्से होत नाईत."

बायको मधे पडली. "बाई, तुम्ही खालच्या अंगाले मांडा जी. ते तुमचंच आहे. यायचं काय ऐकता?"

"खालचं तिचं म्हणून अजून ठरलं नाई," मी म्हणालो.

बहीण जिथं उभी होती तिथंच बसली आणि गोटे मांडले. "म्हणजे इतक्या सालापासून मी तुह्याच वावराची पूजा करून राह्यली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. हळद लावली, दहीभात ठेवला, पण मला प्रसाद तिनं दिला नाही, बायकोच्या हातानं पाठवला.

त्यानंतर दोन सण ती आली नाही. मधेच जवाईबुवा, बहिणीचा नवरा, गेले. मी तिथं गेलो, बसलो, आलो. वावराचा विषय तिथं काढायचा नसतो, आणि दुसरा विषय आमच्यात उरला नव्हता. दारावरचे आकडे पुसून पुसून फळ्या पांढऱ्या पडल्या. गावातली माणसं ओसरीवरून जाताना मुद्दाम विचारायची, "काका, दार भरलं का?"

मग एका दुपारी भाचा आला. बहिणीचा थोरला. यवतमाळात कॉलेजात गणित शिकवतो. मोटरसायकल लावली, पाया पडला, चहा घेतला, आणि कप हातात घेऊनच कोठ्याच्या दारापुढे उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

"मामाजी, हे कोणी मांडलं?"

"म्या."

"बरोबर मांडलं." असं म्हणून तो खाली बसला. "पण जे शोधता ते याच्यात सापडणार नाही."

"काहून नाई?"

"समजा असं एक वावर आहे ज्याचे बरोबर दोन हिस्से पडतात. शेंड्यात जितकी झाडं तितकीच बुडात. म्हणजे सारी झाडं शेंड्याच्या दुप्पट. दुप्पट म्हणजे सम आकडा. आता तास जर विषम असले, तर विषमाले विषमानं गुणून सम येते का?"

सात साता एकोणपन्नास. नव नव्वे एक्याऐंशी. "नाई येत," मी म्हणालो.

"म्हणजे तास सम पाहिजेत. सम आहेत तर निम्मे करता येतात. तास निम्मे केले की झाडं किती होतात?"

मी बोटावर पाहिलं. दहा तासांची शंभर, पाचाची पंचवीस. "चौथाई."

"शेंड्यात साऱ्याच्या निम्मी झाडं आहेत. मग ही चौथाई म्हणजे शेंड्याच्या निम्मी झाली. म्हणजे तुमचा शेंडा हेच एक लहान वावर झालं, आणि त्याचेही बरोबर दोन हिस्से पडतात. त्याच्या पोटात असंच आणखी लहान. त्याच्या पोटात आणखी. जात जात शेवटी एका झाडाचं वावर उरते. एका झाडाचे दोन हिस्से कसे करसान, मामाजी?"

तो वाईट शिकवत नसावा. मला समजलं, आणि समजलं तेच मला झोंबलं.

"हे काही नवीन नाही," तो म्हणाला. "हजारो वर्षांपासून लोकांले माहीत आहे. आम्ही पोरांले शिकवतो."

"मले माहीत नव्हतं."

"खरंच नव्हतं?"

ते दोन शब्द त्यानं कसे विचारले ते मला लिहून दाखवता येत नाही. चहाचा कप त्यानं खाली ठेवला होता.

"तू मामाले खोटा म्हणून राह्यला का?"

"मी नाही म्हणत. आई म्हणते. ती म्हणते, दादाले आधीच ठाऊक असन. जे होतच नाही ते झाल्यावर देतो म्हटलं की जन्मभर द्यावं लागत नाही."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. भाचा म्हणाला, मशीन लावून मोजणी करू, मशीननं धुरा सत्तर तासाच्या पुढं नखभर येईल, त्यानं काय बिघडते. मी म्हटलं, ते नखभर एकाहत्तराव्या तासाच्या मातीतून जातं, आणि नखाएवढाही तास मी तोडणार नाही. तो उठला, परत पाया पडला. शिकलेली पोरं पाया पडून बोलतात, म्हणून त्यांना उलटं बोलता येत नाही.

मी त्यानंतर दारावर त्याचीच रीत लावून पाहिली. कुठं तरी खोट निघेल म्हणून पाहिली. खोट नव्हती. पोरगं बरोबर होतं. मग मी ते केलं जे जन्मात केलं नव्हतं. मी वाकलो.

आश्विन चालू होता, पऱ्हाटी कमरेच्या वर, बोंडं फुटायला आलेली. खालच्या धुऱ्यालगत नाल्याच्या कोपऱ्यात गेलो, शेवटच्या तासातलं शेवटचं झाड दोन्ही हातांनी धरलं आणि उपटलं. लागतं झाड मी कधी उपटलं नाही. बैलानं तोंड घातलं तरी मी बैलाला मारलेलं आहे. आणि झाड उपटलं तरी त्याच्याखालची माती तिथंच राहते, हे मला कळत होतं. तो हिशेब खोटा होता. मी तो बहिणीसाठी खरा मानला. सत्तर आणि एकाहत्तरच्या मधल्या जागेत खुंट्या ठोकत नाल्यापासून रस्त्यापर्यंत गेलो. हात फुटले. मग फोन लावला.

"बाई, झालं. बरोबर अर्धं झालं. बुडाचे एकोणतीस तास तुह्ये. खुंट्या ठोकल्या."

"कसं झालं? पोरगा तं म्हणे होतच नाई."

"एक झाड उपटलं."

पलीकडे तिनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"उपटलं?" ती म्हणाली.

"हो."

"दादा, उपटाचंच होतं तं पहिल्याच साली उपटलं असतं. तवा हे होते. यायनं बी पाहिलं असतं माह्या नावाचं वावर. तवा माह्ये गुडघे होते, मले खाली बसता येत होतं. आता मी तूर लावू कायनं?"

मी म्हणालो, पहिल्या साली मला वाटत होतं की आकडा आहे. ती म्हणाली, "तुले नेहमीच वाटते."

लोक मला उपदेश करतात, माणसानं थोडं वाकावं. मी एकदा वाकलो. ताठ होतो तोवर बहीण रुसली होती, येऊन जाऊन होती. वाकलो त्या दिवशी तिनं सोडलं.

आठवड्याभरानं भाच्याचा फोन आला की आई नेरला तालुक्याच्या कचेरीत येते, हक्कसोड करून देते म्हणते. मी म्हटलं, मी येत नाही. बायको म्हणाली, "जा. नाई गेले तं म्हणतीन, सही घेतानी तोंड बी दाखोलं नाई." गेलो.

कचेरीत ती बाकावर बसली होती, पाय लांब करून. मी जवळ बसलो. म्हटलं, "बाई, नको करू. खुंट्या ठोकल्या आहेत."

"उपटून टाक. तुले जमते आता."

आतल्या बाबूनं तिला विचारलं, "आजी, आपल्या मर्जीनं सोडून राह्यल्या नं? कोणाचा दबाव तर नाही?"

"दबाव कायचा, बापू? भाऊ तं देऊन राह्यला होता. मीच नाई घेत." बाबूनं माझ्याकडे पाहिलं. असले भाऊ त्यानं रोज पाहिलेले. माझा चेहरा त्याला त्यांच्यासारखाच दिसला असणार. बहिणीनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर काढत. मला म्हणाले इथं तुम्हीही करा. मी केली नाही. ते म्हणाले चालते, तिची आहे तेवढी पुरे.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दादा, लुगडं आणलं का?"

मला आधी कळलं नाही. ज्या बहिणी हक्क सोडतात त्यांना भाऊ लुगडंचोळी करतो. जमीन घेतो आणि लुगडं देतो, आणि दोन्ही बाजू म्हणतात मानपान झाला.

"मी नाई आणलं. मी कायले आणू?"

"रीत आहे. साऱ्यायच्या बहिणीले भेटते. माह्यंच काहून बुडवतं?"

भाचा म्हणाला, "आई, चाल, राहू दे." पण ती बसस्टँडजवळच्या दुकानात शिरली होती. दुकानदारानं भारी साड्या काढल्या. ती त्याला म्हणाली, "एवढ्या भारी नको. मुरमाची जमीन आहे, एवढं नाई निघत तिच्यातून." दुकानदार हसला. त्याला वाटलं आजीबाई गमतीच्या आहेत. साधी हिरवी घेतली तिनं. पिशवी माझ्या हातानं तिच्या हातात द्यायला लावली. मग वाकून पाया पडू लागली, गुडघे वाकेनात, भाच्यानं धरलं.

यवतमाळची बस लागली होती, तिथून तिला पुढची धरायची होती. ती खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर. मी खाली उभा होतो. म्हणाली, "तू अर्धं देऊन राह्यला होता. म्या पुरं दिलं. आता बस मोजत." मग तिनं तोंड पुढं केलं, आणि बस निघेपर्यंत पुढच्या सीटकडे पाहत राहिली.

गावात उतरलो तर ठेल्यावर त्यांना आधीच कळलेलं. एकानं पाठीवर थाप मारली. "काका, मानलं तुमाले. नाव बी राह्यलं, वावर बी राह्यलं. एवढं डोकं आमच्यात कुठं?" मी त्याचा हात झटकला तर त्याला ते लाजणं वाटलं.

माझी चूक झाली असं मी म्हणणार नाही. एका झाडाचा फरक होता, तो मी पाहिला, लपवला नाही. ज्यांनी न मोजता गिळलं त्यांच्या बहिणी दिवाळीला येतात, हसतात, भावाला ओवाळतात. माझी येत नाही. ह्याला न्याय म्हणतात का, ते ज्याला कळतं त्यानं सांगावं.

सातबाऱ्यावर आता एकच नाव आहे. वरचे सत्तर तास मी पेरतो. खालचं बूड पेरत नाही. दोन हंगाम झाले, तिथं कुंदा आणि बोरूचं रान माजलं आहे, धुऱ्यापलीकडचा शेजारी शिव्या देतो की तुमचं बी माह्या वावरात येते. पोरं म्हणतात, बाबा, आपल्याच नावावर आहे, पडीक काहून ठेवता? मी सांगतो, जिचं आहे तिले विचारा. तिला कोणी विचारत नाही. फोन मी करत नाही, आणि ती तर माझीच बहीण आहे, ती काय फोन करणार.